एका चौकोनात तीन पंप

आलेख मोठा देखणा आला होता. पी-१०१ए या टॅगच्या (म्हणजे प्लँटमधल्या ओळखक्रमांकाच्या) पंपाच्या बेअरिंगचं व्हायब्रेशन वर्षभर हळूहळू चढत सेकंदाला सात मिलिमीटरच्या घरात पोचलं होतं, आणि मग एका दिवसात धाडकन दोनच्या खाली आलं होतं. मी बैठकीत तो पडद्यावर लावला आणि म्हटलं, "ओव्हरहॉलचा परिणाम बघा किती स्वच्छ दिसतोय." समोर मेंटेनन्सचे फोरमन बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बैठकीत सहसा तोंड न उघडणारे. ते म्हणाले, "मॅडम, ओव्हरहॉल झालाच नाही. तो पंप काढला आम्ही. हा दुसरा आहे."

"पण टॅग तर तोच आहे."

"टॅग तोच. पंप दुसरा."

देखभालीच्या त्या सॉफ्टवेअरवर मी आठ महिने काम करत होते. 'पंप' लिहिलेला चौकोन मी पहिल्या दिवशी, पहिल्या आकृतीत, बरोबर मधोमध काढला होता. कोडमध्ये बग नव्हता, चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या, डेटाबेस कुठे कुरकुरत नव्हता. चुकला होता तो चौकोन.

त्या चौकोनात काय काय होतं ते सांगते. टॅग क्रमांक, सिरियल क्रमांक, बनवणारी कंपनी, मॉडेल, क्षमता, चाललेले तास, शेवटच्या ओव्हरहॉलची तारीख. पंप बदलला की नोंद करणारा माणूस स्क्रीन उघडायचा, जुना सिरियल क्रमांक खोडायचा आणि नवा टाकायचा. आम्ही त्याला दुसरी वाटच ठेवली नव्हती. काढलेला पंप वर्कशॉपमध्ये जायचा, दुरुस्त होऊन स्टोअरमध्ये पडायचा, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याच लाइनवर, दुसऱ्याच टॅगवर बसायचा. तिथे त्याच्या नावाने नवी नोंद, चाललेले तास शून्य. प्रत्यक्षात तो चौदा हजार तास फिरलेला. आमच्या सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र कालच जन्माला आला. खरे तास कुठे होते? फोरमनच्या खिशातल्या डायरीत.

मॉडेलिंग, म्हणजे खऱ्या गोष्टी आणि त्यांच्यातले संबंध आकृतीत मांडणं, म्हटलं की आमच्याकडे पहिला वाद कोणती चिन्हं वापरायची यावर होतो. चौकोन गोल कोपऱ्यांचे की टोकदार, बाण भरीव की पोकळ. या वादात मी उमेदीची काही वर्षं घालवली आहेत, म्हणून हक्काने सांगते: तो वाद सोपा असतो, म्हणूनच आपण तो घालतो. अवघड प्रश्न वेगळा आहे. चौकोनात एखादं नाम लिहिलं, तर त्या नामाच्या दोन गोष्टी 'एकच' आहेत की 'वेगळ्या', हे कशावरून ठरवायचं? आणि तिच्यात काय बदललं तरी ती 'तीच' राहते?

हा प्रश्न 'पंप'ला लावला आणि चौकोन फुटला. सिरियल क्रमांक बदलला तरी पी-१०१ए हा पी-१०१एच राहतो: एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव ढकलायचं एक ठरलेलं काम, पी-अँड-आयडी ड्रॉइंगवरचा (पाइप आणि उपकरणांच्या नकाशावरचा) एक गोल. हा पहिला पंप. टॅग बदलला तरी तेच राहतं ते लोखंडाचं धूड, ज्याच्या अंगावर नेमप्लेट ठोकलेली आहे. हा दुसरा. आणि धूड एकही नसताना, नुसत्या कॅटलॉगच्या पानावर असतो तो तिसरा: अमुक मॉडेल, तमुक क्षमता, इतका हेड (द्रव किती उंच चढवेल ती उंची), अमुक आकडा असलेलं बेअरिंग. खरेदी विभाग 'हा पंप चांगला नाही' म्हणतो तेव्हा या तिसऱ्याबद्दल बोलत असतो. वर्कशॉप तेच वाक्य म्हणतं तेव्हा दुसऱ्याबद्दल. प्लँट चालवणारे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पंप निर्दोष असतो, त्याला दिलेलं कामच त्याच्या कुवतीबाहेरचं असतं. तो पहिला पंप.

नावं ठेवताना मराठीने फार मदत केली. टाइप (प्रकार) आणि इन्स्टन्स (त्या प्रकारातली एक वस्तू) हे शब्द मी कॉलेजपासून घोकत आले, पण ते फोरमनना सांगून उपयोग नव्हता. स्टोअरमध्ये मात्र एक शब्द रोजच्या वापरात होता: नग. "या मॉडेलचे तीन नग शिल्लक आहेत." एका वाक्यात दोन्ही संकल्पना चोख वेगळ्या! एखाद्या माणसाला वैतागून 'काय नग आहे' म्हणतो तेव्हाही हेच म्हणायचं असतं ना, की याच्यासारखा दुसरा नाही. तर मॉडेल, नग आणि टॅग, असे तीन चौकोन झाले. वर्कशॉपच्या माणसाने फळ्याकडे बघून "हो, बरोबर" म्हटलं. त्यात कौतुक काही नव्हतं. त्याच्या दृष्टीने मी फळ्यावर काढलेली गोष्ट न काढताही उघडच होती.

खरी गंमत रेघेत निघाली. नग आणि टॅग यांच्यामध्ये मी एक रेघ मारली आणि टोकांना एक-एक लिहिलं: एका वेळी एका टॅगवर एकच नग. एका वेळी! या दोन शब्दांना आकृतीत जागाच नव्हती. नग बसवला त्याची तारीख कुठे लिहायची? नगाच्या चौकोनात लिहिली तर तो पुढच्या टॅगवर गेल्यावर खोडावी लागणार. टॅगच्या चौकोनात लिहिली तर नवा नग आल्यावर खोडावी लागणार. तारीख दोघांपैकी कुणाचीच नव्हती, ती रेघेची होती. मग रेघेलाच चौकोन केलं आणि नाव दिलं 'नेमणूक': कोणता नग, कोणत्या टॅगवर, कधीपासून, कधीपर्यंत, का काढला. पद आणि पदावरचा माणूस यांत फरक करायला आपण कधी चुकत नाही. पंपाच्या बाबतीत मात्र मी आठ महिने चुकत होते.

याचं श्रेय मला नाही. पीटर चेन यांनी १९७६ साली एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं, तेव्हाच संबंधाला स्वतःचा आकार दिला होता: चौकोन वस्तूंचे आणि त्यांच्यामध्ये संबंधाचा तिरपा चौकोन, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा. संबंधालाही स्वतःचे गुण असू शकतात, हे त्यात स्पष्ट होतं. त्यांच्या उदाहरणात कर्मचारी आणि प्रकल्प आहेत, आणि कोणता कर्मचारी कोणत्या प्रकल्पाला किती टक्के वेळ देतो हा आकडा या दोघांपैकी कुणाचाही नाही, त्यांच्या संबंधाचा आहे. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुढे नोकरीत जी टूल्स हाती आली, त्यांत ती चौकट गायब होती. तिथे संबंध म्हणजे दोन टेबलांमधली रेघ आणि टोकाला कावळ्याच्या पायाची खूण. रेघ मारायला सोपी, छापायला सुटसुटीत, पण तिच्या पोटात काही ठेवता येत नाही. हाताला रेघेची सवय लागली की डोकंही रेघेसारखंच विचार करतं. माझं झालं होतं.

यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण भाषेत यासाठी असोसिएशन क्लास, म्हणजे संबंधाचाच चौकोन, आहे. रेघेवरून तुटक रेषेने एक चौकोन लोंबकळतो. मी तो वापरायला गेले आणि दुसऱ्या भानगडीत पडले. नेहमीच्या अर्थाने घेतलं, तर एक विशिष्ट नग आणि एक विशिष्ट टॅग यांच्यात एकच जोडणी धरली जाते. आमचा नग मात्र पी-१०१एवर बसतो, निघतो, आणि दीड वर्षाने परत तिथेच येऊन बसतो. तेच दोघे, पण नेमणुका दोन. जोड्या पुन्हा पुन्हा येऊ द्यायची सोय त्या भाषेत आहे, पण ती एका टोकाला कंसात लिहिलेल्या एका शब्दावर अवलंबून असते, आणि तो शब्द वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शेवटी साधा क्लास काढला, दोन साध्या रेघा मारल्या, आणि सगळ्यांना कळलं.

यूएमएलवर माझा राग नाही, पण प्रेमही नाही. ती भाषा घडवणारे बूच आणि रम्बॉ १९९४ मध्ये एका कंपनीत एकत्र आले, पुढच्या वर्षी याकोबसन त्यांना मिळाले, आणि १९९७ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती भाषा मानक म्हणून स्वीकारली. त्याआधी प्रत्येकाची चिन्हं वेगळी होती, बूच तर क्लाससाठी चक्क ढग काढत. ती भांडणं मिटली, हे उपकार मोठे आहेत. पण २.५ आवृत्तीत चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत, त्यांतल्या सात रचनेच्या, आणि मी सतरा वर्षांत त्यांपैकी तीनच मनापासून वापरल्या.

त्यातला भरीव काळा डायमंड हा माझा आणि एका सहकाऱ्याचा जुना वाद. 'भाग' आणि 'पूर्ण' यांतलं घट्ट नातं दाखवायला तो काढतात: भाग एका वेळी एकाच पूर्णाचा, आणि पूर्ण गेलं की भागही गेला. पोकळ डायमंड त्याहून सैल. किती सैल, ते कुणी सांगत नाही. खुद्द रम्बॉ यांनी त्याला मॉडेलिंगमधला प्लॅसिबो म्हटलं आहे, म्हणजे औषध नाही, पण घेतल्यावर बरं वाटतं. सहकाऱ्याचं म्हणणं, इम्पेलर (द्रव फेकणारं आतलं चाक) हा पंपाचा भाग, तेव्हा काळा डायमंड. मी म्हटलं, पंप भंगारात गेला तरी इम्पेलर काढून स्टोअरच्या फडताळावर ठेवतात, मग भागही गेला कसा? तो म्हणाला, आधी काढून घेतला तर चालतं, भाषेत तशी मुभा आहे. बरोबरच होतं त्याचं. अर्धा तास गेला आणि दोघेही शास्त्रात बरोबर ठरलो.

मग आम्ही वर्कशॉपला विचारलं: इम्पेलर बदलला तर पंप तोच का? तोच. शाफ्ट बदलला तर? तोच. बेअरिंग, सील? अहो, ते तर बदलायचेच असतात. आणि केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बदललं तर? तिथे तो माणूस थांबला. मग म्हणाला, "नेमप्लेट केसिंगवर असते. केसिंग बदललं की तो पंप दुसरा."

झालं. आमच्या डायमंडच्या वादाचं उत्तर कोणत्याही ग्रंथात नव्हतं, ते चार रिव्हेटनी ठोकलेल्या पत्र्यावर होतं. ओळख कशाने ठरते हे मॉडेल करणारा ठरवत नाही, तो धंदा ठरवतो. आपण फक्त विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत चौकोन काढायचा नाही. दुसऱ्या एखाद्या प्लँटमध्ये नेमप्लेट बेसप्लेटवर असेल, तर तिथे नगाची व्याख्याच वेगळी होईल आणि तीही तितकीच बरोबर असेल.

हे विचारण्याची मला सापडलेली सगळ्यात चांगली पद्धत चित्राची नाहीच, वाक्यांची आहे. नायसेन आणि पुढे टेरी हाल्पिन यांनी वाढवलेली ही तथ्याधारित परंपरा, तिचं एक नाव ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग. याचंही लघुरूप ओआरएमच होतं, त्यामुळे बिचारीला कायम डेटाबेसच्या लायब्ररीशी गोंधळलं जातं. तिच्यात 'गुणधर्म' हा प्रकारच नाही. सुरुवात खऱ्या आकड्यांच्या साध्या वाक्यांनी करायची: "नग ४४७२ हा टॅग पी-१०१एवर ३ मार्चपासून बसलेला आहे." मग विचारायचं, याच टॅगवर त्याच दिवशी आणखी एक नग असू शकतो का? हाच नग त्याच दिवशी दुसऱ्या टॅगवर? नाही म्हणाले की तो नियम झाला. "हा नग कुठेच बसलेला नाही" असं वाक्य चालेल का? चालेल, स्टोअरमध्ये आहे. फोरमनना क्लास डायग्राम दाखवली तेव्हा ते नम्रपणे मान हलवत होते. हीच वाक्यं वाचून दाखवली तेव्हा त्यांनी तिसऱ्याच वाक्याला हात वर केला: "तीन मार्चला बसवला, पण चालू झाला नऊला. तुम्ही तास कधीपासून मोजणार?" मराठीत तर हे आणखी सोपं जातं, कारण प्रत्ययच भूमिका सांगतात. नग, टॅग'वर', तारखे'पासून'. विभक्ती बदलली की संबंध बदलला.

चालू होणं, बंद पडणं ही मात्र रचनेची गोष्ट नाही, घडण्याची आहे. नुसत्या रचनेच्या आकृतीत ती मावत नाही. डोव्ह डोरी यांच्या ऑब्जेक्ट-प्रोसेस पद्धतीत वस्तू आणि प्रक्रिया एकाच चित्रात येतात, आणि प्रत्येक चित्राबरोबर तेच सांगणारी वाक्यंही असतात. आयएसओ १९४५० या क्रमांकाने ती प्रसिद्धही झाली आहे. मी ती एकदाच वापरली, 'राखीव'मधून 'कार्यरत'मध्ये नग कसा जातो ते दाखवायला. आवडली, पण चित्र लवकर भरतं.

आता माझी फजिती. तीन चौकोन आणि एक नेमणूक यावर मी स्वतःवर खूश होते, चार ठिकाणी सांगूनही झालं होतं. मग एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरने शांतपणे विचारलं, "तुमचा टॅग म्हणजे काम की जागा?" मी म्हटलं, एकच ना. तो म्हणाला, "फीड पंप या शेडमधून त्या शेडमध्ये हलवला. काम तेच, पाइप नवे, पाया नवा. टॅग बदलला?" बदलला नव्हता. त्याने आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतली पद्धत दाखवली. तिच्यात एकाच यंत्रणेकडे निरनिराळ्या अंगांनी बघतात आणि संकेतांकाच्या आधी खूण लावतात: कार्यासाठी बरोबरचं चिन्ह, उत्पादनासाठी वजा, स्थानासाठी अधिक. एकाच पंपाचे तीन पत्ते, तीन वेगळ्या झाडांवरचे. जे मी फळ्यावर घाम गाळून 'शोधलं' होतं, ते विजेच्या लोकांनी बेरीज-वजाबाकीच्या खुणांत कधीच लिहून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा एक अंग जास्त धरून.

सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दलही लोक हेच सांगत आले आहेत, फक्त मी ते पंपाच्या वाटेने ऐकलं. फिलिप क्रुख्तेन यांनी १९९५ मध्ये मांडलेला 'चार अधिक एक' दृश्यांचा विचार घ्या: तर्काची रचना, चालताना होणाऱ्या प्रक्रियांची रचना, कोड कसा विभागलाय ती रचना, कोणत्या यंत्रावर काय चालतं ती रचना, आणि या चारही दृश्यांना जोडणारे प्रसंग. आमच्या प्रकल्पात एक भलं मोठं चित्र भिंतीवर होतं, ज्यात 'नोटिफिकेशन' या एकाच चौकोनाचा अर्थ एकाला कोडचं पॅकेज, दुसऱ्याला चालू प्रोसेस आणि तिसऱ्याला सर्व्हर वाटायचा. पंपाचीच गत. ते चित्र खाली उतरवून सायमन ब्राउन यांच्या सी-फोर पद्धतीने पुन्हा काढलं. तिच्यात पातळ्या ठरलेल्या असतात आणि कंटेनर म्हणजे वेगळं चालणारं काहीतरी, कंपोनंट म्हणजे त्याच्या पोटातला भाग, असं आधीच बोललेलं असतं. चिन्हं जवळपास नाहीतच. तरी पहिल्या दुपारीच दोन चौकोनांना घर मिळेना, कारण ते काय आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तीन विभागांना तीन वेगळे पंप दिसत होते, तर सगळ्यांसाठी एकच 'पंप' बनवायचा अट्टहास कशाला? एरिक एव्हान्स यांच्या २००३ च्या मांडणीत याला बाउंडेड कॉन्टेक्स्ट म्हणतात: शब्दाचा अर्थ एका कुंपणाच्या आत पक्का असावा, बाहेर तो दुसरा असला तरी चालेल. आम्ही तसंच केलं. मोजमापाच्या सेवेत पंप म्हणजे टॅग, वर्कशॉपच्या सेवेत नग, खरेदीच्या सेवेत मॉडेल. प्रत्येकाच्या स्क्रीनवर शब्द 'पंप' असाच आहे, कुणालाही बोलायची सवय बदलावी लागली नाही. फक्त नेमणुकीची नोंद एकाच ठिकाणी ठेवली, कारण कुंपणांमधलं फाटक तेच.

जुना डेटा सुधारायला सात आठवडे लागले. वर्कशॉपचं रजिस्टर, स्टोअरच्या आवक-जावक नोंदी आणि ती डायरी. फोरमननी ती स्वतः बसून वाचून दाखवली, कारण अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं. दोन नग असे निघाले, जे चार महिने कुठे होते हे कशातच नव्हतं. त्यांच्या नेमणुकीत टॅगच्या जागी 'अज्ञात' लिहिलं आणि तो पर्याय टेबलात कायम ठेवला. पी-१०१एचा आलेख आता दोन रंगांत दिसतो, नग बदलला तिथे रेघ तुटते.

परवा तिथूनच फोन आला. त्याच टॅगचं व्हायब्रेशन पुन्हा एका दिवसात अर्ध्यावर आलंय, पण रेघ तुटलेली नाही, नग तोच आहे. मी लॉग उघडून बघितला. बेअरिंग हाऊसिंगवरचा सेन्सर बदललाय. सेन्सरचा सिरियल क्रमांक आम्ही टॅगच्या टेबलात एक कॉलम म्हणून ठेवला होता, आणि कुणीतरी तिथे जुना खोडून नवा टाकलाय.